यंत्रापाशी उभं राहणारं माणूस

माहूरहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडतं. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं असं डॉक्टर सांगतात. पण पैशाचा आणि जाण्यायेण्याचा मेळ बसत नाही म्हणून आपल्याकडं पुष्कळांचं दोनदाच होतं. दोनदा धरलं तरी वर्षाच्या 104 खेपा होतात, म्हणजे जाऊन-येऊन 26 हजार किलोमीटर. विषुववृत्तावरून पृथ्वीला फेरी मारायची तर 40 हजार किलोमीटर लागतात. एक आजारी शेतकरी त्यातलं निम्म्याहून जास्त अंतर दरवर्षी एसटीच्या बाकावर बसून कापतो आणि दर खेपेला घरातलं एक धडधाकट माणूस सोबत नेतो. डायलिसिसचा खर्च योजनेतून भागला तरी त्या दोघांची बुडालेली मजुरी कोणत्याच योजनेत बसत नाही. पैनगंगा ओलांडून यवतमाळ गाठलं किंवा तेलंगणात आदिलाबादला गेलं तर अंतर कमी होतं, खेपा तेवढ्याच राहतात. आणि पावसाळ्यात पैनगंगा चढली की यवतमाळची वाट बंद.

बारावीनंतर काय करावं, या विचारात असलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी तयार केलेल्या मार्गदर्शिकेला प्रस्तावना लिहिताना हा हिशेब आधी मांडला, कारण डायलिसिस तंत्रज्ञाच्या व्यवसायाची गरज त्यातूनच कळते. अभ्यासक्रम, प्रवेश, नोंदणी यांचे तपशील पुढच्या प्रकरणांत येतील. मला इथं एक गोष्ट पटवून द्यायची आहे. डायलिसिस तालुक्याच्या गावी आणायचं असेल तर यंत्राच्या आधी ते चालवणारं माणूस तयार करावं लागतं. आणि ते माणूस त्याच मुलखातलं असलं तरच केंद्र टिकतं. यंत्र निविदा काढून दोन-चार महिन्यांत येतं. माणूस घडायला तीन-चार वर्षं लागतात, आणि पुण्या-हैदराबादहून आणलेलं माणूस संधी मिळताच परत जातं. त्यात त्याचा दोष नाही. त्याचं घर तिकडं आहे.

नांदेड जिल्ह्याला सरकारी खर्चानं होणारं डायलिसिस नवं नाही. 2 जुलै 2012 रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. हीच योजना 2017 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि नंतर आयुष्मान भारतशी जोडली गेली. ही योजना येण्याआधी किडनी गेली म्हणजे काय होत असे, हे या भागातल्या थोरल्या माणसांना विचारावं. दागिने, मग बैलजोडी, मग शेताचा तुकडा. आणि विकण्यासारखं काही उरलं नाही की घरी परत. 2016-17 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत केंद्रं उभी राहू लागली. खासगी भागीदारानं यंत्रं, पाणी शुद्ध करणारा प्लांट आणि माणसं आणायची, सरकारनं जागा, वीज आणि पाणी द्यायचं, अशी त्याची साधारण मांडणी. त्या वेळी केंद्र सरकारनं दिलेला आकडा असा होता, की देशात दरवर्षी किडनी पूर्ण निकामी झालेल्या सुमारे 2.2 लाख नव्या रुग्णांची भर पडते आणि त्यामुळं डायलिसिसची मागणी दरवर्षी 3.4 कोटी खेपांनी वाढते.

या आकड्याचा आपल्या विषयाशी असलेला संबंध कागदावर मांडून पाहावा. एक तंत्रज्ञ एका पाळीत तीन यंत्रं सांभाळतो आणि दिवसाला दोन पाळ्या करतो असं धरलं, तर दिवसाची सहा आणि वर्षाच्या 300 दिवसांची 1,800 डायलिसिस होतात. 3.4 कोटींना 1,800 नं भागलं की उत्तर 19 हजारांच्या आसपास येतं. वाढणाऱ्या प्रत्येक रुग्णाला खरोखर डायलिसिस द्यायचं ठरवलं, तर दरवर्षी इतके नवे तंत्रज्ञ लागतील. प्रत्यक्षात बरेच रुग्ण केंद्रापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून ही टंचाई डोळ्यांवर येत नाही.

या व्यवसायाचं वयही फार नाही. 1943 साली जर्मन फौजांनी व्यापलेल्या नेदरलँड्समध्ये, कांपेन नावाच्या गावात, विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरानं सॉसेजच्या आवरणासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिलं उपयोगी यंत्र उभं केलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. 1945 साली 67 वर्षांची एक बाई वाचली. पण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळं एकाच रुग्णाला वर्षानुवर्षं यंत्रावर घेणं अशक्य होतं. 1960 साली सिॲटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी वापरली आणि 1966 साली न्यूयॉर्कमधल्या ब्रेशिया-सिमिनो यांच्या गटानं धमनी आणि शीर शस्त्रक्रियेनं जोडण्याची रीत प्रसिद्ध केली. तिलाच आज आपल्या केंद्रांतले पेशंट 'फिस्टुला' म्हणतात. पुढं 1972 मध्ये अमेरिकेनं कायदा करून डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यात घेतला. एकेका माणसाला आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्रावर ठेवायचं ठरल्यावर तिथं डॉक्टर बसून राहणं शक्य नव्हतं. त्या गरजेतून डायलिसिस तंत्रज्ञ हा व्यवसाय आकाराला आला.

आता प्रत्यक्ष कामाकडं येऊ, कारण मुलांना सांगितलं जातं ते बहुतेक वेळा 'मशीन चालवायचं काम' एवढंच.

केंद्राचा दिवस पेशंट यायच्या आधी, पाण्याच्या खोलीत सुरू होतो. रक्त गाळणारा डायलायझर म्हणजे हातभराहून लहान नळकांडं. त्यात केसासारख्या हजारो पोकळ तंतूंमधून रक्त वाहतं आणि त्या तंतूंच्या बाहेरून क्षारांचं पाणी उलट दिशेनं जातं. हे पाणी मिनिटाला साधारण 500 मिलिलिटर वाहतं, म्हणजे चार तासांत 120 लिटर. आठवड्यातून तीनदा डायलिसिस होणाऱ्या माणसाचं रक्त आठवड्याला 360 लिटर पाण्याला सामोरं जातं, मधे फक्त एक पातळ पडदा. तुम्ही-आम्ही आठवडाभरात पंधरा-वीस लिटर पाणी पितो आणि तेही आतड्यांतून गाळून रक्तात जातं. म्हणून पिण्यालायक पाणी डायलिसिसला चालत नाही. आधी क्षार काढणारा सॉफ्टनर, मग क्लोरीन शोषून घेणारी कोळशाची टाकी, मग आरओ. आणि प्रत्येक पाळीच्या आधी क्लोरीन-क्लोरामाइनची तपासणी. कोळसा संपत आला आणि तपासणी राहून गेली, तर क्लोरामाइन रक्तात उतरून तांबड्या पेशी फुटतात. 1993 साली शिकागोत पाण्यातल्या फ्लोराइडमुळं डायलिसिसचे रुग्ण दगावले. 1996 साली ब्राझीलच्या कारुआरू गावात जलाशयातल्या शेवाळाचं विष नीट न गाळलेल्या पाण्यातून रक्तात गेलं आणि पन्नासहून अधिक माणसं मेली. हे सगळं परदेशातलं वाटेल, म्हणून सांगतो: माहूरशेजारच्या किनवट तालुक्यातल्या आणि पलीकडं यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचं वर्षानुवर्षं नोंदवलेलं आहे. दात पिवळे पडलेली, सांधे आखडलेली माणसं आपण पाहतो. त्याच मुलखात डायलिसिस केंद्र चालवायचं तर पाण्याच्या खोलीतला माणूस डोळस हवा.

पाण्याचं प्रमाणही लक्षात घ्यावं. पाच यंत्रं, दोन पाळ्या, म्हणजे फक्त डायलिसिसला 1,200 लिटर शुद्ध पाणी. यंत्रं धुणं वेगळं. आरओमधून जेवढं शुद्ध पाणी मिळतं, जवळपास तेवढं वाया जातं. एप्रिल-मे महिन्यात, टँकरच्या दिवसांत, ग्रामीण रुग्णालयाला हे पाणी रोज कुठून मिळणार, या प्रश्नाचं उत्तर केंद्राचं उद्घाटन करण्याआधी तयार असलं पाहिजे.

पाणी तपासून झालं की यंत्राची स्वतःची चाचणी, डायलायझरमधली हवा सलाइननं काढून टाकणं, आणि मग पेशंट. पेशंटचं आधी वजन. दोन डायलिसिसमध्ये जेवढं वजन वाढलं ते बहुतेक सगळं पाणीच, आणि ते आज काढायचं आहे. किती काढायचं हे 'ड्राय वेट'वरून, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावर राहायला हव्या असलेल्या वजनावरून, ठरतं. काटा, रक्तदाब, पायांची सूज, झोपल्यावर दम लागतो का, हे सगळं जुळवून पाहावं लागतं. जास्त काढलं तर तिसऱ्या तासाला रक्तदाब कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात. कमी काढलं तर रात्री घरी धाप लागते, आणि माहूरच्या एखाद्या तांड्यावर मध्यरात्री धाप लागलेल्या माणसाला दवाखान्यात पोचवणं म्हणजे काय, ते तिथल्यांना सांगायला नको.

त्यानंतर सुई. फिस्टुलाच्या हातावर बोटं ठेवली की आत थरथर लागते. तिला केंद्रात 'थ्रिल' म्हणतात. ही थरथर नसली तर सुई टोचायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. असली तर कोपराच्या बाजूनं वर जात शीर कुठं वळली आहे, कुठं खोल गेली आहे, मागच्या वेळच्या सुईची खूण कुठं आहे, हे बोटांनी वाचायचं. सुया दोन, दोन्ही जाड: एक रक्त नेणारी, दुसरी परत आणणारी. दरवेळी थोडी पुढची जागा घ्यायची. एकाच जागी टोचत राहिलं तर शिरेची भिंत फुगते आणि कधीतरी फुटते. सोपी जागा सोडून नवी जागा शोधायला वेळ लागतो, म्हणून घाईतला तंत्रज्ञ जुन्याच जागी टोचतो, आणि दोन वर्षांनी पेशंटचा फिस्टुला जातो. फिस्टुला गेला की मानेतली नळी, नळीबरोबर जंतुसंसर्ग. पेशंटचं आयुष्य या एका सवयीवर किती अवलंबून असतं, हे मला प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनावर पहिल्याच महिन्यात बिंबवावंसं वाटतं.

मग चार तास. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, आता काही काम नाही. पण यंत्राचा प्रत्येक आवाज वेगळी गोष्ट सांगतो: परतीच्या नळीतला दाब वाढला, क्षारांचं प्रमाण हललं, नळीत हवेचा बुडबुडा आला. हवा रक्तात गेली तर पंप थांबवायचा, नळी चिमट्यानं बंद करायची, पेशंटला डाव्या कुशीवर आणि डोकं खाली करून झोपवायचं, आणि हे सगळं विचार करायला वेळ न घेता. वीज गेली तर यंत्राची बॅटरी थोडा वेळ पंप चालवते. तीही संपली तर पंपाला हातानं फिरवायचा दांडा असतो. तो फिरवून पेशंटचं रक्त त्याच्या अंगात परत करायचं. आपल्याकडच्या विजेची गत पाहता हा दांडा मी परिशिष्टातली गोष्ट मानत नाही. प्रत्येक विद्यार्थ्यानं तो स्वतः फिरवून पाहिलेला असावा.

डॉक्टर पेशंटला महिन्यातून एकदा-दोनदा पाहतात. तंत्रज्ञ त्याच पेशंटला वर्षातून शंभराहून अधिक वेळा पाहतो. त्यामुळं आहार-विहाराचं निम्मं समुपदेशन त्याच्याच तोंडून होतं, आणि इथं मुलखातलं माणूस असण्याचा खरा फरक पडतो. छापील तक्त्यात लिहिलेलं असतं, 'पोटॅशियम टाळा.' अर्धापूर केळीचं आगर आहे आणि पाहुणा आला की पुढ्यात केळी येतात, हे ज्याला माहीत आहे, तो थेट विचारतो, "मामा, परवाच्या लग्नात केळी किती खाल्ली?" माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनाला गेलेल्या पेशंटला नारळपाणी प्रसादासारखंच वाटतं, पण किडनी गेलेल्याच्या हृदयाला त्यातलं पोटॅशियम थांबवू शकतं. लोणचं, ठेचा, पापड यांतलं मीठ तहान वाढवतं, आणि ज्याला दिवसाला लिटरभर पाण्यावर राहायचं आहे त्याला मे महिन्याच्या उन्हात ती तहान सोसवत नाही. "पाणी कमी प्या" एवढं सांगून भागत नाही. पेला लहान घ्या, बर्फाचा खडा चघळा, मीठ आधी तोडा, असं घरच्या माणसासारखं समोर बसून सांगावं लागतं. बंजारा समाजातल्या म्हाताऱ्या बाया दंडभर चुडे घालतात. फिस्टुलाच्या हातावर घट्ट काही चालत नाही. ते चुडे उतरवायला सांगणं ही नुसती सूचना नसते, त्यासाठी तिच्या भाषेत, तिच्या लेकी-सुनांसमोर बोलावं लागतं. माहूर-किनवटच्या पट्ट्यात मराठी, गोरमाटी, गोंडी, कोलामी, तेलुगू, हिंदी इतक्या भाषा कानावर पडतात. त्यांतल्या दोन-तीन भाषा घरूनच घेऊन आलेली मुलगी किंवा मुलगा या केंद्राला मिळाला, तर ती पात्रता कोणत्याही महाविद्यालयाला देता येणार नाही.

आणखी एक कारण आहे, ज्यामुळं तालुक्याजवळ डायलिसिस हवंच. डायलिसिस म्हणजे जन्मभराचं, अशी समजूत झाली आहे. पण जंगलाकाठच्या आपल्या गावांत घोणस चावलेली माणसं दर पावसाळ्यात येतात. घोणसाच्या विषानं रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि किडन्या काही दिवस बंद पडतात. अशा माणसाला वेळेत प्रतिविष आणि मग काही दिवस किंवा आठवडे डायलिसिस मिळालं, तर बऱ्याचदा किडन्या पुन्हा काम करू लागतात आणि तो शेतावर परत जातो. बाळंतपणातला अतिरक्तस्राव, जुलाब-उलट्या, अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता महिनोन् महिने खाणं, यांनीही किडनी अशीच अचानक बसते. जवळच्या यंत्रावरची आठ-दहा डायलिसिस अशा तरण्या माणसाचं आयुष्य परत देऊ शकतात. दीर्घ आजाराला, मधुमेहाला आणि रक्तदाबाला आपण सगळे घाबरतो. घोणसाच्या पेशंटकडं मात्र धोरण आखणाऱ्यांचं लक्ष फार कमी जातं, आणि मला ते खटकतं.

शिक्षणाबद्दल. लातूरचं नाव काढलं की 'लातूर पॅटर्न' आठवतो. लातूर आणि नांदेड या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली, आणि बाहेरचीही, हजारो मुलं इथं वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी करतात. ज्यांना जागा मिळत नाही ती एक वर्ष थांबतात, मग आणखी एक. घरात एमबीबीएसच्या खालोखाल बीएएमएस, बीएचएमएस यांचीच चर्चा होते; रुग्णालय चालवणाऱ्या इतर डझनभर व्यवसायांचं नाव निघत नाही. विज्ञान शाखेतून जीवशास्त्र घेऊन बारावी झालेल्या मुलाला डायलिसिसची वाट उघडी आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी असते; कोणत्या महाविद्यालयात कोणती शाखा आणि किती जागा, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावं. त्याखेरीज पदविका आहेत आणि कौशल्य विकासाचे छोटे अभ्यासक्रम आहेत.

या छोट्या अभ्यासक्रमांबाबत मी स्पष्ट बोलणार आहे. गावोगावी फलक दिसतात: सहा महिन्यांत डायलिसिस टेक्निशियन, शंभर टक्के नोकरी. वर्गात एक जुनं, बंद यंत्र, नाहीतर नुसतं चित्र. फी मात्र पन्नास-साठ हजारांपर्यंत. आईबाप कर्ज काढून ती भरतात आणि हातात येणारा कागद कुठंच चालत नाही. 28 मार्च 2021 रोजी राष्ट्रीय सहायक आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याला मंजुरी मिळाली. या कायद्यानुसार सहायक आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान 2,000 तासांचं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं शिक्षण लागतं, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीला किमान 3,600 तास. डायलिसिसचा व्यवसाय या कायद्याच्या अनुसूचीत आहे. 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं काही सहायक व्यवसायांसाठी देशभर एकसारखे अभ्यासक्रम जाहीर केले, त्यात डायलिसिसही आहे. म्हणजे वाऱ्याची दिशा ठरली आहे. सहा महिन्यांच्या कागदावर आज एखाद्या लहान दवाखान्यात काम मिळेलही, पण पुढं नोंदणी, बढती, सरकारी भरती, परदेश या सगळ्या वाटांवर तो कागद अडवणार. म्हणून प्रवेश घेताना संस्थेला दोन गोष्टी विचाराव्यात: हा अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा, आणि विद्यार्थ्यांना चालू डायलिसिस केंद्रात किती तास उभं केलं जातं. दुसऱ्या प्रश्नावर गुळमुळीत उत्तर आलं तर तिथून निघावं.

फीची अडचण असलेल्यांसाठी महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या आहेत, अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी किनवटचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, आणि 2024 पासून आठ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्नाच्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. आपल्या निवडीच्या अभ्यासक्रमाला ती लागू होते का, हे फी भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

नोकरीविषयी खोटी आशा दाखवायची नाही. काम मिळतं, पण लहान शहरातल्या खासगी केंद्रात सुरुवात बारा-पंधरा हजारांच्या आसपास होते, आणि पहाटेची पाळी, सुट्टीचे दिवस, दिवाळी-दसरा हे सगळं त्यात आलं. डायलिसिसला सणाची सुट्टी नसते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या गट क भरतीत 'डायलिसिस तंत्रज्ञ' हे पद असतं, पण जागा कमी आणि भरती वर्षानुवर्षं लांबते. मधल्या काळात राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी पदं. अनुभव वाढला की केंद्राचा इन्चार्ज, अतिदक्षता विभागात चोवीस तास चालणाऱ्या संथ डायलिसिसचं काम, फ्रेझेनियस, निप्रो, बी. ब्राऊन अशा यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत प्रशिक्षकाची किंवा देखभालीची नोकरी, अशा वाटा फुटतात. हैदराबाद आपल्याला मुंबईपेक्षा जवळ. तिथं सुरू झालेली नेफ्रोप्लस ही देशातली सर्वांत मोठी डायलिसिस साखळी एनपिडिया नावाची स्वतःची प्रशिक्षण संस्था चालवते. तिचे एक सहसंस्थापक कमल शाह यांच्या किडन्या 1997 साली निकामी झाल्या आणि तेव्हापासूनचं त्यांचं आयुष्य बहुतेक डायलिसिसवरच गेलं आहे. चांगल्या हातांनी केलेल्या डायलिसिसवर माणूस किती वर्षं, किती भरभरून जगू शकतो, याचा हा दाखला पेशंटच्या नातेवाइकांनाही सांगावा.

परदेशाचं स्वप्न पाहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: अमेरिकेत तंत्रज्ञाला कामावर लागल्यापासून 18 महिन्यांत मान्यताप्राप्त प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, तर आखाती देशांत अनेक ठिकाणी या कामावर नर्सच घेतात. तिकडं जायचंच असेल तर पदवी आणि नोंदणीशिवाय पाऊल उचलू नये.

धोकेही सांगायला हवेत. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, आणि इथं दिवसभर रक्ताशीच काम. कावीळ ब झालेल्या पेशंटसाठी वेगळं यंत्र ठेवायचं असतं. हातमोजे प्रत्येक पेशंटला बदलायचे असतात. कामावर रुजू होण्याआधी कावीळ ब ची लस पूर्ण झालेली असावी, आणि ती मालकानं स्वखर्चानं द्यावी असा आग्रह धरायला लाजू नये. डायलायझर धुऊन पुन्हा वापरण्याची पद्धत अजून पुष्कळ केंद्रांत आहे. त्यासाठीचं पेरासेटिक आम्ल डोळ्यांना आणि छातीला झोंबतं. शेजारच्या तेलंगणानं सरकारी केंद्रांत एकदाच वापरायचे डायलायझर आणले. आपल्या राज्यानंही ते करायला हवं, पेशंटसाठी आणि धुण्याच्या खोलीत उभ्या असलेल्या तंत्रज्ञासाठीही.

सरकारकडं मागणं असं. तालुक्याच्या ठिकाणी यंत्रं देताना त्यासोबत तंत्रज्ञाची कायम पदं मंजूर करावीत आणि शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयांत, म्हणजे विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्थेत, डोंगरी आणि आदिवासी तालुक्यांतल्या मुलांसाठी या शाखेच्या जागा राखाव्यात, शिकून झाल्यावर काही वर्षं त्याच तालुक्यात काम करण्याच्या अटीवर. कंत्राटदार बदलला की तंत्रज्ञ बदलतो, आणि तंत्रज्ञ बदलला की पेशंटच्या हातावर नवा माणूस पहिल्यापासून शिकतो. पोटावाटे घरच्या घरी करायच्या डायलिसिसचाही विचार माहूरसारख्या ठिकाणी गांभीर्यानं व्हावा. केंद्र सरकारनं 2019 मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. दिवसातून चार वेळा दोन-दोन लिटर द्रव पोटात सोडून काढायचा, हात आणि खोली स्वच्छ ठेवायची, हे घरच्यांना शिकवायला आणि वाडीवर जाऊन पाहायलाही प्रशिक्षित तंत्रज्ञच लागणार आहे.

पुढची प्रकरणं वाचण्याआधी, निदान प्रवेश अर्ज भरण्याआधी, प्रत्येक विद्यार्थ्यानं एखाद्या चालू डायलिसिस केंद्रात परवानगी घेऊन एक पाळी उभं राहून पाहावी. रक्त पाहून चक्कर येते का, यंत्राच्या आवाजानं हात थरथरतात का, समोरच्या म्हाताऱ्या माणसाशी चार तास बोलावंसं वाटतं का, हे तिथंच कळतं. पहिली पाळी बहुतेक ठिकाणी सकाळी लवकर लागते. तासभर आधी पोचलात, तर पाण्याची तपासणीही पाहायला मिळेल.